जांभळापलीकडची एस्टी

पावसाच्या तोंडावर आमच्या कसबा बावड्यातल्या कॉलनीत झाडं छाटायला माणसं येतात. परवाही आली. मी गॅलरीत वाळलेले कपडे काढत होते. खाली रस्त्यावर एकानं पेट्रोलवरचं करवतीचं मशीन जमिनीवर ठेवलं, मागच्या मुठीत बुटाचं टोक रोवलं आणि स्टार्टरची दोरी ओढायला लागला. खर्र. खर्र. मशीन एकदा खोकल्यासारखं झालं आणि गप्प बसलं. हा गडी आपला ओढतोच आहे. मला काही राहवेना.

“अहो, आत्ता खोकलं न्हवं का ते? चोक आत ढकला की आता! न्हायतर पेट्रोल चढंल!” मी वरून ओरडले.

सगळ्यांनी माना वर केल्या. दुसऱ्या मजल्यावर गाऊन घातलेली, खांद्यावर चादर टाकलेली, केस पांढरे झालेली बाई. तिला चोकशी काय करायचंय, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. पण त्यानं चोक ढकलला, दोरी ओढली आणि मशीन कॉलनी दणाणून चालू झालं. त्यानं वर बघून हात जोडले. मी आत आले. पण पेट्रोल आणि ऑइल जळल्याचा तो वास गॅलरीतून माझ्या मागोमाग घरात आला, आणि त्याच्याबरोबर तो एक पाऊसही आला. मग कपड्यांच्या घड्या करायचं राहूनच गेलं.

तो पाऊस बावड्यातला नव्हता. चंदगडच्या पुढचा, गोव्याच्या अंगाचा होता. इथल्या पावसाला येणं-जाणं असतं. तिथला पाऊस मुक्कामाला येतो आणि घरातल्या माणसांनीच त्याला विचारून हालचाल करायची असते. मिठाचं डब्यातच पाणी होतं. काड्यापेटी तांदळात पुरून ठेवावी लागते. कपडे चुलीवर टांगलेल्या काठीवर वाळतात, म्हणजे वाळत नाहीतच, नुसते धुराचे होतात. माझ्या पर्सला बुरशी आली, चपलांना आली, देवाच्या फोटोमागच्या पुठ्ठ्यालाही आली. सकाळी उठून बघावं तर दारातून धुकं आत आलेलं, आणि समोर अंगण आहे की नाही हे पाय टाकल्याशिवाय कळायचं नाही. दिवस उजाडला हे घड्याळ सांगायचं. मावळला हेही तेच सांगायचं.

आमचे हे, म्हणजे दिनकर, पाटबंधारे खात्यात होते. नोकरीच्या सुरुवातीला चंदगडला होते, तेव्हापासून तो मुलूख त्यांच्या डोक्यात जाऊन बसलेला. निवृत्त झाल्यावर त्यांनी तिथं काजूची बाग घेतली, बागेत जांभ्या दगडाचं दोन खोल्यांचं घर. मी टेलिफोन खात्यातली. उभा जन्म कानाला लोकांचे आवाज लावून बसलेली बाई. शेजारणीच्या कुकरच्या शिट्ट्या मोजत मी स्वयंपाक करणार, कारखान्याचा भोंगा झाला की चहा टाकणार. मला त्या काजूत काय करायचं होतं? पण माणूस फार हौसेनं बोलायला लागला की माझ्यानं नाही म्हणवत नाही. शेवटी त्यांनीच तोड काढली. “एक पाऊस ऱ्हाऊन बघ. न्हाय करमलं तर दिवाळीला परत बावड्याला. माझा शब्द हाय.” बावड्याचा हा फ्लॅट आम्ही कुलूप लावून ठेवला आणि किल्ली माझ्या पर्समध्ये राहिली. त्या किल्लीच्या जोरावर मी गेले.

मशीन घेतलं ते जायच्या आधी, लक्ष्मीपुरीतल्या शकीलभाईंच्या दुकानात. शकीलभाईंच्या वडलांचा करवतींना धार लावायचा धंदा होता. त्याच गाळ्यात आता ही मशीनं विकायला असतात आणि मागच्या बाजूला दुरुस्ती चालते. ह्यांनी दुकानात पाऊल टाकलं आणि नजर गेली ती भिंतीवरच्या सगळ्यात लांब पट्टीच्या मशीनवर. बायका दुकानात सगळ्यात भारी जरीची साडी बघतात म्हणून हेच मला हसतात.

“पावणं, झाडं कुठली हायत?” शकीलभाईंनी विचारलं.

“काजू. चार-दोन फणस, बांधाला अकेशिया. आणि पावसात वाटंवर कायतरी पडतंयच.”

“मग अठरा इंची पट्टीत समदं भागतंय. मोठं घेतलं म्हणून झाड लवकर तुटत न्हाई. माणूस लवकर दमतोय.”

ह्यांना ते पटलं नव्हतं. मी तोवर दोन्ही मशीनं उचलून बघितली. मोठं उचलताना कमरेत कळ आली. “हे नको,” मी म्हटलं. माझं मत कुणी विचारलं नव्हतं, पण शकीलभाईंनी लगेच मान हलवली, “वहिनी बरोबर बोलाल्यात,” आणि लहान मशीन काउंटरवर आलं. ह्यांचा चेहरा उतरला.

“चालवणार कोण?” शकीलभाईंनी विचारलं.

“मी की!” हे म्हणाले.

शकीलभाईंनी मशीन फुटपाथवर नेलं आणि शाळा घ्यावी तसं सांगायला सुरुवात केली. पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मापानं मिसळायचं, नुसतं पेट्रोल घातलं तर इंजिन जाम. साखळीचं ऑइल वेगळं, त्याची टाकी वेगळी. आणि दोरी ओढताना मशीन हातात लोंबकळत धरायचं नाही, कितीही घाई असली तरी. जमिनीवर ठेवायचं, पुढचा ब्रेक लावायचा, मागच्या मुठीत पाय, डावा हात पुढच्या मुठीवर, आणि चोक बाहेर. एकदा खोकलं की चोक आत. त्यांनी दोनदा ओढलं आणि रस्त्यावरचा म्हाताराही दचकून बाजूला झाला, असा दणका.

“आता तुम्ही ओढा, पावणं.”

“घरी गेल्यावर बघतो की!” हे मोठ्यानं हसले. इतकं हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. मग शकीलभाईंनी दोरीची मूठ माझ्यापुढं केली. “वहिनी, तुम्ही बघा ओढून.” भर लक्ष्मीपुरीत, चहाच्या गाड्यावरची माणसं बघत असताना! मी पदर सारखा केला आणि मला काय करायचंय ते, असं म्हणून टाकलं.

चंदगडच्या घरी मशीन पोचलं तेव्हा हौसाक्का पडवीत येऊन बसलेल्या होत्या. ओढ्याच्या अलीकडं दोनच घरं, आमचं आणि ह्या म्हाताऱ्या बाईंचं. त्यांचे मुलगे पलीकडं गावात राहतात, अक्का एक म्हैस घेऊन जुन्या घरात. मशीन बघून त्या उठूनच उभ्या राहिल्या. “लोखंड हाय ते. पूजा केल्याबिगार झाडाला लावू नगासा, सांगून ठेवतो!” आमच्या भागातल्या बायका स्वतःला खुशाल ‘सांगतो’, ‘जातो’ म्हणतात. अक्कांनी घरी जाऊन नारळ आणला, हळद-कुंकू आणलं, आणि चैत्रातल्या यात्रेतला जोतिबाचा गुलाल, पिशवीभर. टिकलीएवढा लावतील असं मला वाटलं होतं. पण गुलालाच्या बाबतीत आमच्याकडं टिकली हा प्रकार नाही. “चांगभलं!” म्हणत त्यांनी ओंजळीनं उधळला. मशीन लालभडक झालं, ह्यांचं टक्कल लाल झालं. मग नारळ फोडून त्याचं पाणीही वरून शिंपडलं. हे इतके खूश होते की निवडणूक जिंकून आल्यासारखे उभे राहिले. तसंच्या तसं ते मशीन गोणपाटात गुंडाळून कोपऱ्यात गेलं. दोरी काही कुणी ओढली नाही.

आणि मग झड लागली.

बाहेरच्या माणसाला वाटतं, पाऊस, हिरवळ, धबधबे, काय ते सुख. शनिवार-रविवारी येऊन जाणाऱ्याला असेलही. मला त्या पावसानं कोंडलं. घरापासून गावातल्या एस्टीच्या थांब्यापर्यंत एकच वाट, आणि वाटेवर ओढा, आणि ओढ्यावर सिमेंटचा एक अरुंद साकव. उन्हाळ्यात तो ओढा गुडघाभरही नसतो. आषाढात त्याचा आवाज घरात बसून ऐकू यायचा, भांडी घासताना, जेवताना, झोपताना. मोबाइलला रेंज काजूच्या माथ्यावरच्या एका खडकावर. तिथं जायचं म्हणजे पायांना मीठ चोळून जायचं, नाहीतर जळवा. मी खडकावर छत्री धरून उभी राहायची आणि माझ्या बहिणीशी बोलायची. तिच्या मागं रिक्षाचा हॉर्न वाजला की मी बोलणं थांबवून तो ऐकत राहायची. आता हे लिहितानाही खाली कुणीतरी हॉर्न वाजवतंय आणि मला त्याचा राग येत नाही.

ह्यांना मात्र तिथं सगळं गोड लागत होतं. पडवीत बसून तासन्‌तास पाऊस बघायचे. मी काही बोलले की म्हणायचे, “करमंल की. दम धर.” दम धरून धरून माझा जीव कोंडत चालला होता. दिवाळी कुठं आहे ती कॅलेंडरवर मी रोज बघायची.

एके दिवशी हे खडकावरून भिजून खाली आले आणि टॉवेलनं डोकं पुसत म्हणाले, “फ्लॅटला गिऱ्हाईक आलंय. माणूस बरा हाय.”

“गिऱ्हाईक बघायला सांगितलं कुणी?”

“मीच. पडूनच हाय की ते घर.”

“आणि दिवाळीचा शब्द?”

ते टॉवेल पिळत बसले. मला एकदम सगळं कळलं. फ्लॅट गेला की परत जायला जागाच उरणार नाही. मग माझं करमो न करमो, विचारायचं कारणच नाही. मी भांडले नाही. भांडायलाही थोडी हवा लागते, ती त्या घरात नव्हती. मी पिशवी भरली. उद्याच्या पहिल्या एस्टीनं मी कोल्हापूरला जाते, आणि मी असेपर्यंत त्या घराला दुसऱ्या कुणाचं कुलूप लागणार नाही, एवढं सांगितलं. “पाऊस तरी थांबू दे,” ते म्हणाले. तिथला पाऊस कधी थांबतो!

पहाटे मोठ्यानं कडाडलं. वीज नव्हे, लाकूड. मग जमिनीतून धक्का आला आणि भांडी वाजली. हे इरलं घेऊन बघून आले. “जांभूळ पडलं. साकवावरच.” त्यांना फारसं वाईट वाटलंय असं आवाजावरून काही मला वाटलं नाही.

मी जाऊन बघितलं. ओढ्याकाठचं जुनं जांभूळ मुळांसकट उलथलं होतं. बुंधा आमच्या बाजूला, आणि सगळा विस्तार साकवावर असा गच्च बसलेला की मांजरानंही आत शिरू नये. खाली तांबडं पाणी साकवाच्या कडेला धडका देत होतं. तिथून वाकून, चढून पलीकडं जायचं म्हणजे जिवाशी खेळ. पलीकडून अक्कांचा थोरला मुलगा ओरडत होता. “लावण उरकली की येतो गं, अक्का! आता एक माणूस रिकामा न्हाय!” भातलावणीचे दिवस. त्यात गावात कुणाच्या हातात कुऱ्हाड नसते, रोपांच्या जुड्या असतात. आणि अक्कांना घाईही नव्हती. त्यांच्या घरात तांदूळ होता, सुकट होती, म्हैस होती. घाई फक्त मला होती. तिकडं फ्लॅट बघायला माणूस येणार आणि इकडं मी पिशवी भरून झाडासमोर उभी.

“काढा की मशीन,” मी म्हटलं.

ह्यांनी काढलं. पेट्रोल-ऑइल मापानं कालवलं, टाक्या भरल्या, पाय रोवला आणि दोरी ओढली. ओढली म्हणजे थोडीशी. मशीन नुसतं कुरकुरलं. परत ओढली. परत तेवढीच. पडवीत बसून ते सकाळभर ओढत राहिले, मध्येच थांबायचे, घाम पुसायचे, पावसाकडं बघायचे. मी दारात उभी राहून बघत होते. शेवटी माझा तोल गेला.

“तुम्हाला ते चालू करायचंच न्हाई. ते झाड तुम्हाला सोन्यासारखं वाटतंय. बायको आपोआप घरात अडकली!”

त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. मशीन तसंच ठेवून आत गेले. मला वाटलं, बरं झालं बोलले ते. पेट्रोलचा उग्र वास पडवीभर झाला होता, म्हणजे इंजिनात पेट्रोल चढलं होतं. शकीलभाईंनी त्यावरचा उपाय सांगितला होता आणि मी पदर सारखा करता करता तो ऐकला होता. मशीनबरोबर आलेला पाना घेतला, प्लग काढला, ओला होता तो पुसला. मग विचार केला, मिक्सर चालत नाही तेव्हा मी काय करते? झाकण काढून बघते. वरचं झाकण काढलं आणि हात आत घातला. बाहेर आला तो लालभडक, चिकट.

हे दारात येऊन उभे होते. माझा हात बघितला आणि त्यांचा रंगच गेला. “रगत! सुनंदा, काय कापलंस?” धावत आले, माझं मनगट धरलं.

“गुलाल हाय,” मी म्हटलं.

हवेची जाळी गुलालानं लिंपलेली. नारळाच्या पाण्यानं भिजून, वाळून त्याची खापरी झाली होती. हवा जायला तिथं सुईएवढी फट नव्हती. आम्ही दोघं त्या लाल जाळीकडं बघत राहिलो आणि मग हसायला लागलो. किती दिवसांनी हसत होतो कोण जाणे. अक्का त्यांच्या दारातून विचारायला लागल्या, “काय झालं गं?” काय सांगणार, अक्का, जोतिबाच मशीनमध्ये बसलाय!

हसता हसता माझ्या लक्षात आलं, त्यांनी माझं मनगट डाव्या हातानं धरलंय. उजवा हात पोटाशी धरून ठेवलेला. तेव्हा मग एकेक आठवायला लागलं. कंगवा डाव्या हातात. टॉवेल डाव्या हातानं. दुकानातलं ते मोठं हसणं.

“उजवा हात वर करा,” मी म्हटलं.

“असू दे की.”

“करा म्हणते ना.”

हात छातीपर्यंत आला आणि थांबला. चेहरा कळवळला. खांदा धरला होता, होळीपासून. मला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी डॉक्टर, एक्स-रे, शेक आणि सगळं कोल्हापूरलाच, असं म्हटलं असतं, हे त्यांना ठाऊक होतं. एवढा मोठा माणूस, खांद्याचं दुखणं लपवून काजूच्या बागेत येऊन बसला होता. मला राग यायला हवा होता. आलाही. पण माझा तो लाल हात त्या खांद्यावरही गेला. मी एकटीच कोंडलेय असं मी धरून चालले होते. तो माणूस तर स्वतःच्या थापेत माझ्या आधीपासून कोंडला होता.

जाळी मी साबणाच्या पाण्यात धुतली आणि चुलीवरच्या काठीवर, माझ्या परकराशेजारी वाळत घातली. मशीनचा भाग वाळवायला ही जागा शकीलभाईंनीही सुचवली नसती. वाळल्यावर जाळी, प्लग, झाकण सगळं परत बसवलं. मग हे म्हणाले, “तू वढ.”

मी साडी खोचली. मशीन पडवीच्या फरशीवर ठेवलं, ब्रेक लावला, मुठीत पाय घातला. खरं सांगते, भीती वाटत होती. त्या साखळीच्या दात्यांकडं मी बघतच नव्हते. पहिल्या ओढीत दोरी अर्ध्यातच हातातून सुटली. “मनगटानं न्हवं, खांद्यानं वढ,” हे म्हणाले आणि स्वतःच ओशाळले. दुसरी. तिसरी. मग मशीन खोकलं. “चोक!” दोघंही एकदमच ओरडलो. चोक आत ढकलला, ओढलं, आणि त्या घरात, त्या आंधळ्या, ओल्या, गप्प घरात असा आवाज फुटला की काजूतले पक्षी उठले. अक्का अंगणातून ओरडल्या, “चांगभलं!” माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, ते धुराचं होतं असं मी म्हटलं. ते धुराचं नव्हतं. माझ्या स्वतःच्या हातानं मला बाहेर जाता येणार होतं, त्याचं होतं.

झाड कापायला दिवस गेला. पाऊस बारीक झाला होता तेवढंच. आधी फांद्या. पट्टीचं टोक कशाला लागू द्यायचं नाही, मशीन उसळतं, असं हे मागून सारखं बजावत होते. मी फांदी तोडायची, मशीन बंद करायची, अक्का आणि हे, एक म्हातारी आणि एका हाताचा माणूस, फांदी ओढून ओढ्यात लोटायचे. भुसा ओल्या केसांत, कानांत, ब्लाउजात. हात थरथरायला लागले ते मशीन बंद झाल्यावरही थांबेनात. तरी मला बरं वाटत होतं. पलीकडचा रस्ता पानांतून थोडा थोडा दिसायला लागला होता.

शेवटी राहिलं खोड, साकवावर आडवं. मी वरून कापत गेले. अर्ध्यापर्यंत गेलं, आणि झाडानं वजन टाकलं, कापलेली फट मिटली, पट्टी आत धरली गेली. मशीन बंद पडलं. ओढून, हलवून, शिव्या घालून काही होईना. मी तिथंच चिखलात बसले आणि रडले. धूर नव्हता, काही नव्हतं, नुसतं रडले. माझं नशीबच त्या फटीत चिमटलंय असं वाटत होतं. आता ना मशीन, ना वाट, ना फ्लॅट.

ह्यांनी एक जाड फांदी शोधली, मांडीखाली दाबून धरली आणि डाव्या हातानं कोयत्यानं तासायला बसले. वेडेवाकडे घाव, दोनदा कोयता गुडघ्याजवळून गेला. मी म्हटलं, द्या इकडं. दिला नाही. पाचर तयार झाली तशी ती फटीत बसवली आणि दगडानं ठोकायला लागले, डाव्याच हातानं. दगड निसटायचा, बोटं चेचायची. ठोकत राहिले. हळूहळू फट उघडली आणि पट्टी मोकळी झाली. मी ती बाहेर काढली. आम्ही एकमेकांकडं बघितलं.

“खालनं काप आता,” ते म्हणाले. “मंजे धरायचं न्हाय.”

मी वाकून खालून कापलं. खोड तुटलं, कलंडलं आणि अक्कांनी एक लाथ घातल्यावर ओढ्यात गेलं. साकव मोकळा झाला. पलीकडं गावात जाणारी चिखलाची वाट, आणि वाटेच्या शेवटी थांबा. मी बराच वेळ तिथं बघत उभी राहिले. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात शिरलं, की माझ्या जाण्याची वाट ह्या माणसानं बोटं चेचून माझ्याबरोबर उघडली होती. त्या दिवसभरात एकदाही थांब म्हणाला नव्हता.

सकाळी ते पिशवी घेऊन साकवापर्यंत आले. बोटांना हळद लावून चिंधी गुंडाळलेली. मी म्हटलं, फ्लॅट मी विकू देणार नाही. “नगो इकू,” ते म्हणाले. मी म्हटलं, तुम्ही पण चला, खांदा दाखवू. “काजूला कोण बघणार?” ते म्हणाले. पलीकडून एस्टीचा आवाज यायला लागला होता. घाट चढताना ती गाडी लांबूनच कण्हते. मी पिशवी घेतली आणि साकवावर पाय टाकला.

“सुनंदा,” त्यांनी हाक मारली. “शकीलभाई म्हणालाय, मशीन बरंच दिस वापरायचं नसंल तर टाकी रिकामी करून ठिवायची. न्हायतर पेट्रोल आत बसतंय आणि खराब व्हतंय.” ते माझ्याकडं न बघता चिंधीची गाठ चाचपत होते. “काय करू? करू रिकामी?”

मी आयुष्यभर लोकांचे आवाज ऐकलेली बाई आहे. काय विचारलं ते मला कळलं. त्यांना ते मशीन चालू करता येत नव्हतं आणि आता ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. आणखी झाडं पडणार होती. मला पळत सुटायचं होतं, आणि पाय त्या ओल्या सिमेंटला चिकटून बसले होते. समोर एस्टी आली, थांबली, कंडक्टरनं घंटीवर हात ठेवला.

“नको,” मी म्हटलं. “असू दे भरलेली.”

आणि धावत जाऊन एस्टीत चढले. खिडकीशी बसले, कोल्हापूरचं तिकीट काढलं. चंदगड येईपर्यंत मी केसांतला जांभळाचा भुसा वेचत होते.